जागेवर हजर असलेली जबाबदार व्यक्ती

सिंहाच्या नजरेला नजर देऊन उभा राहिलेला माणूस पुन्हा आयुष्यात कोणापुढे मान झुकवत नाही, असे मापटेसाहेब आफ्रिकेहून परतल्यापासून भेटेल त्याला सांगत होते. तपशिलात शिरायचे तर ते उभे नव्हते, बसले होते. कारण सफारीच्या गाडीचे उघडणारे छत उघडत नव्हते. आणि नजरेचे म्हणाल तर सिंहाची त्यांच्याकडे पाठ होती आणि तो झोपला होता. मान झुकवायची नाही, एवढा भाग मात्र शंभर टक्के खरा होता. पण ती त्यांनी सिंह बघण्याच्या आधीही कधी झुकवली नव्हती.

मापटे हे काही त्यांचे खरे आडनाव नव्हे. खरे आडनाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरले होते. चौतीस वर्षे ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि हे नाव त्यांना बाजाराने दिले होते, प्रेमाने दिले असे म्हणवत नाही. ते कोपऱ्यावर दिसले की तराजू आपोआप सरळ होत. एका कापडवाल्याने तर त्यांना पाहून आखूड गज पँटमध्ये लपवला होता आणि साहेब तासभर हलले नाहीत म्हणून तोही तासभर बसला नाही.

खात्यात त्यांच्या नावावर दोन विक्रम होते. एक, त्यांनी केलेला अहवाल कधी मागे घेतला नाही. आणि दोन, त्यांनी कधी शुद्धिपत्रक काढले नाही. शुद्धिपत्रक म्हणजे अहवालात आपल्या हातून चूक झाली असे निरीक्षकाने स्वतःच्या सहीने कबूल करायचा कागद. इतरांची कपाटे शुद्धिपत्रकांनी भरलेली होती. साहेबांचा तो खण रिकामा होता. निरोपसमारंभात वरिष्ठांनी भाषणात त्या रिकाम्या खणाचा उल्लेख केला, तेव्हा साहेबांचे डोळे पाणावले होते. पत्नी शेजारीच बसली होती. लग्नाच्या दिवशी ते पाणावले नव्हते, हे तिने नोंदवून ठेवले.

सफारीची कल्पना पत्नीची. तिला जिराफ पाणी कसे पितो ते एकदा बघायचे होते. कंपनी शोधली तिच्या भावाने, म्हणजे साहेबांच्या मेहुण्याने. "भाऊजी, स्वस्तात मस्त," तो म्हणाला होता. मेहुण्याच्या आयुष्यात आजवर आलेली प्रत्येक गोष्ट स्वस्तात मस्त होती, आणि ती बंद पडल्यावर दुरुस्तीला साहेबांकडे येत असे.

गाडीत सहा प्रवासी होते. साहेब, पत्नी, मेहुणा, एक दंतवैद्यबाई आणि एक नवे जोडपे. त्या जोडप्याने सहा दिवसांत एकमेकांखेरीज एकही प्राणी पाहिला नाही, त्यामुळे त्यांची कसली तक्रार नव्हती. बाकीचे कॅमेरे घेऊन आले होते. साहेबांनी आणली होती कंपनीची जाहिरात, टेप, मापाचा ग्लास आणि एक वही.

जाहिरातीत होते: प्रत्येकाला खिडकी. खिडक्या सहा होत्याच; त्यांतली एक पत्र्याची होती. जाहिरातीत होते: आलिशान तंबू. तंबूची चेन तुटलेली होती आणि दार बुटाच्या नाडीने बांधावे लागे. बाहेर काहीतरी गुरगुरत असताना बुटाची नाडी ही आलिशान वाटत नाही. जाहिरातीत होते: गरम पाण्याची सोय. पाणी काळ्या पिशवीत उन्हाला टांगलेले असे आणि भर दुपारी, सगळे हत्तीमागे गेलेले असताना, ते खरोखर चांगले गरम होई. साहेबांनी परतल्यावर त्यात बोट बुडवून तापमान लिहून घेतले: "कोमटाहून कमी."

ही सगळी लंगडी वरात हाकत होता तो ड्रायव्हर. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. छत धडधडायला लागले तेव्हा त्याने ते स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याने बांधले आणि पुढचे चार दिवस एका हाताने पँट धरून फिरला. माकडांच्या ओरडण्यावरून त्याने बिबट्या कुठे आहे ते सांगितले, आणि बिबट्या तिथे होता. पत्नी पहाटे कुडकुडत होती तर त्याने स्वतःचे ब्लँकेट काढून दिले. जिराफ पाणी प्यायला यावा म्हणून पाणवठ्यावर सव्वादोन तास गाडी थांबवली. जिराफ आला, पाय फाकवून वाकला, प्यायला. पत्नीने साहेबांचा हात धरला. साहेबांचा दुसरा हात घड्याळावर होता.

कंपनी डिझेल मोजून देई, त्यामुळे प्रत्येक उतारावर ड्रायव्हर इंजिन बंद करून गाडी सोडून देत असे. या एका गोष्टीवर परतल्यावर संकेतस्थळावर तीन अभिप्राय लागले. मेहुण्याने लिहिले, "जंगलाच्या शांततेचा केवढा आदर! इंजिनसुद्धा बंद करतात. पाच तारे." दंतवैद्यबाईंनी लिहिले, "उतारावर ब्रेक लागतील की नाही या काळजीत दात इतके आवळले की माझीच एक फिलिंग निखळली. पण बिबट्या दिसला. तीन तारे." साहेबांनी एक तारा दिला आणि अकरा पानांचा अहवाल जोडला.

अहवाल खात्याच्या नमुन्यात होता. अनुक्रमांक, जाहिरातीतील वर्णन, प्रत्यक्षात आढळलेली स्थिती, फरक, शेरा. अशा बेचाळीस नोंदी. आणि शेवटी, चौतीस वर्षांच्या सवयीने, तो रकाना: "तपासणीच्या वेळी जागेवर हजर असलेली जबाबदार व्यक्ती." दुकान तपासताना गल्ल्यावर जो बसला असेल त्याचे नाव तिथे लिहायचे आणि त्याची सही घ्यायची, ही पद्धत. तंबू, डिझेल, पत्र्याची खिडकी या सगळ्याच्या जागी हजर होता एकटा ड्रायव्हर. परतीच्या दिवशी विमानतळावर साहेबांनी त्याच्यापुढे वही धरली. मराठी मजकूर आभाराचे पत्र असेल असे वाटून त्याने हसत, मोठी झोकदार सही केली. शिवाय सहीखाली एक रेघ ओढून दोन टिंबेही दिली.

आठवड्याने कंपनीचे उत्तर आले. साहेबांनी ते चहा घेताना पत्नीला वाचून दाखवले. "आपल्या सविस्तर अहवालाबद्दल आभारी आहोत. अहवालात नमूद केलेल्या जबाबदार व्यक्तीला कामावरून कमी करण्यात आले आहे."

"बघ," साहेब म्हणाले. "याला म्हणतात कारवाई. नुसते तारे मोजत बसलं की असं होत नाही."

पत्नीने कप खाली ठेवला. "अहो, जबाबदार व्यक्ती म्हणजे कोण?"

साहेबांनी उठून वही आणली, खरे तर गरज नव्हती. ती सही त्यांना न उघडताही दिसत होती, टिंबांसकट.

ड्रायव्हरचा नंबर वहीत होताच. साहेबांनी फोन लावला. दोघांनाही सारख्याच वाईट येणाऱ्या भाषेत बोलणे झाले.

"कसा आहेस?"

"बरा आहे, साहेब. घरी आहे. दाराला रंग देतोय. वीस वर्षं राहिलं होतं."

"कामाचं कळलं मला."

"हो. तुमचा कागद इथल्या ऑफिसातल्या भिंतीवर लावलाय. माझी सही छान आलीय, साहेब. सगळ्यांनी पाहिली."

त्याने एकही वाकडा शब्द काढला नाही. साहेबांना बाजारात चौतीस वर्षे शिव्या मिळाल्या होत्या, त्या पचवायची त्यांना सवय होती. ही कौतुकाची भाषा मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. दोन दिवस ते वही उघडत होते आणि मिटत होते. तिसऱ्या दिवशी पत्नी चपला घालून दारात उभी राहिली.

"चला."

"कुठे?"

"कंपनीत. जिराफ मला दाखवला त्यानं. त्याला घरी बसवून मी काय फोटो बघत बसू?"

मेहुणाही आला, कारण त्याला कोणी येऊ नको म्हणाले नाही.

सफारी कंपनीचे शहरातले ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होते. जिना अरुंद, भिंतीवर हत्तीचे पोस्टर, कोपरा सुटून हत्तीचा कान लोंबत होता. आत टेबलाशी मालक बसला होता. बाकावर दोन वयस्क बहिणी माहितीपत्रके चाळत होत्या. दोघी निवृत्त परिचारिका, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे ताप मोजून झाल्यावर आता जरा सिंह बघू म्हणून आलेल्या.

"या, या काका!" मालक उठला. "ओळखलं मी. अकरा पानं! अहो, लोक लग्नात एवढं लिहून घेत नाहीत."

"काका नको," साहेब म्हणाले. "ड्रायव्हरला परत घ्या."

"घेतो की. माझं काय त्याच्याशी वैर आहे? तुम्ही तो अहवाल काढून टाका, वर पाच तारे द्या. सोमवारी तो गाडीवर."

"आणि नाही काढला तर?"

मालकाने हात जोडले. "तर काका, जबाबदार कोण ते तुम्हीच लिहिलंय ना? सहीसकट? तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला मी कोण खोटं पाडणारा?"

बाजारात असा वार साहेबांवर कोणी केला नव्हता. तिथे लोक वजनात खडे घालत, पारड्याखाली चिंच चिकटवत. पण साहेबांच्याच अहवालाने साहेबांना जोखायची कल्पना कोणाला सुचली नव्हती. क्षणभर त्यांना त्या माणसाबद्दल आदर वाटला. तो लगेच ओसरला.

"भाऊजी, काढून टाका ना," मेहुणा कानाशी पुटपुटला. "माणसाचं काम वाचतंय. आणि ते इंटरनेटवर वाचतं कोण?"

"वाचतात हो," मालक मनापासून कळवळून म्हणाला. "सगळे वाचतात. तोच तर त्रास आहे."

"अहवाल मागे घेतला जाणार नाही," साहेब म्हणाले.

"म्हणजे ड्रायव्हर—"

"ड्रायव्हरही जाणार नाही."

"दोन्ही कसं होईल, काका?"

ते साहेबांनाही ठाऊक नव्हते. म्हणजे ठाऊक होते, पण ते नको होते. अहवाल काढला तर पुढचे कुटुंब त्या पत्र्याच्या खिडकीशी बसून जंगलाऐवजी पत्रा बघणार. ठेवला तर ज्याने स्वतःच्या पट्ट्याने गाडीचे छत धरले तो घरचे दार रंगवत राहणार. मधली वाट एकच होती, आणि ती त्या रिकाम्या खणातून जात होती. चौतीस वर्षे रिकामा ठेवलेला खण.

"ब्लँकेट दिलं होतं त्यानं मला," पत्नी अचानक म्हणाली.

"कंपनीचंच होतं ते, काकू," मालक म्हणाला.

"कंपनीचं असतं तर मला तसंच थंडीत बसवलं असतं. तुमच्या ब्लँकेटाला मधोमध भोक आहे. डोकं घातलं तर झबलं होतं. अहवालात वाचा, नंबर सतरा." मग ती साहेबांकडे वळली आणि आवाज खाली आणला. "अहो, काढा आता एकदाचं."

"मी मघापासून तेच म्हणतोय, ताई," मेहुणा म्हणाला.

"तू गप. तुला मी काय म्हणतेय ते कळलेलं नाही. त्यांना कळलंय."

त्यांना कळले होते. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला आपल्या खणांची इतकी बारीक माहिती आहे, हेही कळले. साहेबांनी टेबलावरून कंपनीचा एक कोरा कागद ओढला. मालकाने खुशीत येऊन आपले पेन पुढे केले, टोपण काढून. साहेब उभ्यानेच लिहू लागले. लिहून झाल्यावर चष्मा वर सरकवून खणखणीत आवाजात वाचू लागले.

"शुद्धिपत्रक क्रमांक एक." 'एक' म्हणताना आवाज जरा अडकला. "संदर्भ, सफारी तपासणी अहवाल. जबाबदार व्यक्ती या रकान्यात ड्रायव्हरचे नाव लिहिले गेले. ते चूक आहे. ही चूक ड्रायव्हरची नसून निरीक्षकाची, म्हणजे माझी आहे. मी सवयीने जो समोर दिसला त्याला जबाबदार धरले."

मालकाचे हसू अजून तोंडावर होते, पण ते आता तिथे एकटेच होते.

"डिझेल मोजून देणारा, तुटक्या चेनचा तंबू विकत घेणारा, खिडकीच्या जागी पत्रा ठोकणारा इसम ड्रायव्हर नव्हे. ड्रायव्हरने उलट सहा दिवस स्वतःच्या पट्ट्याने, ब्लँकेटाने आणि अकलेने कंपनीची सफारी चालवली. सबब त्याचे नाव वगळून त्या जागी कंपनीच्या मालकाचे नाव वाचावे. बाकी बेचाळीस नोंदी कायम." साहेबांनी कागद मालकापुढे फिरवला. "करा सही. जागेवर हजर आहात."

"मी सही करणार नाही!"

"नका करू. सक्ती नाही. सही नाकारली तर दोन पंचांसमक्ष तशी नोंद करायची, अशी पद्धत आहे." साहेब बाकाकडे वळले. "ताई, जरा पंच म्हणून सह्या द्याल? यांनी नाकारली एवढंच लिहायचंय. तुम्ही पाहिलंतच."

मालक टेबलामागून बाहेर आला. "काका, ही माझी गिऱ्हाइकं आहेत! आणि तुम्ही रिटायर झालात! तुम्हाला अधिकार काय?"

"काही नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "मला आता साधा पानवाल्याचा तराजूही तपासता येत नाही. कागद माझा, चूक माझी, ती दुरुस्त करायला कोणाचा अधिकार लागतो? आणि दम देणार असाल तर आधीच सांगतो, मी आता सिंहाच्या नजरेला—"

"झोपला होता तो," पत्नी म्हणाली.

"—असो."

थोरली बहीण चष्मा पुसत होती. धाकटीने पेन घेतलेसुद्धा होते. थोरली म्हणाली, "आम्ही करतो सही. पण आधी एक सांगा, आम्ही आलो तर तो ब्लँकेटवाला ड्रायव्हर मिळेल ना?"

"ताई, आमचे सगळेच ड्रायव्हर—" मालक गडबडीने म्हणाला.

"सगळे कशाला हवेत? एका वेळी एकच गाडी चालवणार ना? तो हवा."

"तो मिळणार नसेल," धाकटी सही करता करता म्हणाली, "तर आम्ही बागेत जाऊन बसू. तिथं बाकाला निदान पत्रा नाही."

मालक खाली बसला. साहेबांनी "सही नाकारली" असे लिहिले, तारीख टाकली, पेन टोपण लावून परत केले. सगळे जिना उतरू लागले. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही चूक कबूल केलीत! मी जन्मात पाहिलं नव्हतं." साहेब म्हणाले, "तूही एकदा करून बघ. तुझ्याकडे साठा मोठा आहे."

त्याच संध्याकाळी शुद्धिपत्रक अहवालाखाली संकेतस्थळावर चढले, दोन्ही पंचांच्या सह्यांसकट. मेहुण्यालाही कुठेतरी लागले असावे. त्याने आपले पाच तारे तसेच ठेवले आणि खाली ओळ घातली, "हे पाचही ड्रायव्हरचे. कंपनीला किती ते भाऊजींच्या अहवालात बघा, मला एवढं वाचवत नाही." दंतवैद्यबाईंनी आपल्या अभिप्रायात भर घातली की फिलिंग गेली ती कंपनीच्या डिझेलमुळे, बिबट्या दिसला तो ड्रायव्हरमुळे, आणि दोन्हींची सरमिसळ कोणी करू नये. नव्या जोडप्यालाही कोणीतरी कळवले. त्यांनी "कोण ड्रायव्हर?" असे विचारले, आणि मग सभ्यपणे एक लाल बदामाचे चिन्ह पाठवले.

मालक पंधरा दिवस नेटाने तग धरून होता. पण येणारा प्रत्येक फोन त्याच गाडीवाल्याची चौकशी करू लागला. तो नाही म्हटल्यावर फोन ठेवू लागला. सोळाव्या दिवशी कंपनीच्या जाहिरातीत ड्रायव्हरचा फोटो आला, नव्या पट्ट्यासह, आणि खाली "ज्यांचे नाव सर्वतोमुखी आहे असे आमचे मार्गदर्शक." 'प्रत्येकाला खिडकी' हे वाक्य जाहिरातीतून नाहीसे झाले होते. साहेबांनी ते वहीत टिपले: "अंशतः सुधारणा."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी फोन वाजला. ड्रायव्हरचा होता. साहेबांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, कारण पत्नी स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आली होती आणि मेहुणा नाश्त्याला आलेला होता.

"साहेब, मी कामावर आहे. मालकानं स्वतः बोलावलं. छताचं बिजागर बदललं. उघडतं आता."

"उघडायलाच पाहिजे," साहेब म्हणाले. त्यांची छाती एवढी भरून आली की पत्नीने त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे काळजीने पाहिले. "अरे, एका माणसानं ठरवलं ना, तर अख्ख्या कंपनीला वाकवता येतं. पण त्यासाठी आधी स्वतःची चूक स्वतःच्या सहीनं मान्य करायची छाती लागते. ही गोष्ट तू तुझ्या मुलाबाळांना सांग."

"सांगितली, साहेब. बायकोलाही सांगितली. माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं."

"माझं कर्तव्य होतं ते. तुला कधीही, काहीही लागलं तर हक्कानं सांग."

पलीकडे लांब कुठेतरी इंजिन सुरू असल्याचा आवाज येत होता, उतार नसावा.

"साहेब, एक छोटी विनंती होती."

"बोल की. लाजतोस काय?"

"पुढच्या वेळी तुम्ही आलात ना, साहेब... तर दुसरा ड्रायव्हर मागाल का?"